एका बेटाची सहल आखताना

सहलीला निघायचे म्हटले की आपल्याकडे आधी शिदोरीचा विचार होतो, मग गाडीच्या वेळेचा. ज्या गावी जायचे त्या गावाची चौकशी बहुधा तिथे पोचल्यावरच सुरू होते. जवळच्या सहलीत हे चालून जाते. पण परदेशची सहल असेल तर चौकशी आधी करावी, आणि तीही थोडी मागे जाऊन, इतिहासाच्या वाटेने करावी. भूमध्य समुद्रातील माल्टा या बेटाच्या निमित्ताने आज हेच सांगायचे आहे.

युरोपचा नकाशा उघडून बघा. इटलीच्या टोकाशी सिसिली हे मोठे बेट दिसेल. त्याच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर दोन-तीन ठिपके आहेत. माल्टा, गोझो आणि इवलेसे कोमिनो. तिन्ही मिळून क्षेत्रफळ अवघे ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या मुंबईच्या निम्मे. लोकवस्ती पाच लाखांच्या वर. आणि २०२४ या एका वर्षात या ठिपक्यांवर पस्तीस लाखांहून अधिक प्रवासी येऊन गेले! घरात पाच माणसे आणि वर्षाकाठी पस्तीस पाहुणे, असा हा संसार आहे. जाहिरातींत या बेटाचे निळे पाणी दिसते, ऊन दिसते, पिवळसर दगडाची घरे दिसतात. ती खोटी नाहीत. पण त्या निळ्या पाण्यातला एक थेंबही पिता येत नाही. माल्ट्याचा सारा इतिहास या एका अडचणीपासून सुरू होतो.

बेटावर नदी नाही, तलाव नाही. पाऊस वर्षाला सुमारे ५५० मिलिमीटर, म्हणजे बावीस इंच. तोही हिवाळ्यात पडतो. उन्हाळा बहुतेक कोरडा जातो. खाली सगळा चुनखडीचा दगड. वर मातीचा पातळ थर. ती माती वाहून जाऊ नये म्हणून शेतकऱ्यांनी उतारावर दगडी ताली रचल्या, आणि पिढ्यान् पिढ्या त्या सांभाळल्या. मातीची किंमत तिथे किती मानतात, याला एक कायदा साक्ष आहे. १९७३ साली माल्ट्यात सुपीक माती राखण्याचा कायदा झाला. बांधकाम करावयाचे असेल तर त्या जागेवरची माती आधी काढून शेतीसाठी नेली पाहिजे. तिच्यावर घर उभे करून तिला गाडून टाकता येत नाही. आपल्या शाळांतून हा कायदा मुलांना जरूर सांगावा.

तेव्हा सहलीचा पहिला दिवस समुद्रकाठी न घालवता रानात घालवावा. तारशीन नावाचे एक गाव आहे. १९१३ च्या सुमारास तिथल्या एका शेतकऱ्याच्या ध्यानात आले की आपल्या शेतात नांगर वारंवार मोठाल्या दगडांना अडतो. साधे दगड असते तर त्याने ते काढून बांधावर टाकले असते. पण त्याला शंका आली, आणि त्याने ती संग्रहालयाच्या प्रमुखाला कळवली. हे प्रमुख म्हणजे डॉ. थेमिस्टोक्लिस झामित. १९१५ पासून खोदकाम झाले आणि जमिनीखालून पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी देवळे बाहेर आली. एका शेतकऱ्याच्या चौकस नजरेने देशाला आपला भूतकाळ मिळाला.

जवळच हाल साफ्लिएनी येथे खडकात कोरलेले भुयारी दफनस्थान आहे. तेही असेच सापडले. १९०२ साली नव्या घरांसाठी पाण्याची टाकी खोदत असताना कामगारांची पहार एकाएकी पोकळीत गेली. पाणी साठवायला निघालेल्या माणसांना पूर्वज भेटले! इथे सहल आखणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. माणसांच्या श्वासाने आतला रंग व दगड खराब होतो, म्हणून दर तासाला मोजक्याच लोकांना आत सोडतात. तिकीट बरेच आधी काढून ठेवावे लागते. आयत्या वेळी गेलेला माणूस दारातून परत येतो.

दुसरा दिवस म्दीना या जुन्या राजधानीचा. हे नाव आपल्याला ओळखीचे वाटेल, कारण ते अरबी आहे, अर्थ शहर. ८७० साली अरबांनी बेट घेतले. पुढे १०९१ साली नॉर्मन आले, आणि धर्म ख्रिस्ती झाला. पण भाषा मात्र अरबीच्या पोटातून आलेली राहिली. आज माल्टी भाषा रोमन लिपीत लिहितात, तिच्यात इटालियन शब्द पुष्कळ मिसळले आहेत, पण मूळ सेमिटिकच. मराठी माणसाने तिथे कान उघडे ठेवावेत. पुस्तकाला ते ‘क्तीब’ म्हणतात, आपण किताब म्हणतो. जगाला ‘दिन्या’ म्हणतात, आपण दुनिया. साबणाला ‘सापून’ म्हणतात. एकच शब्द एका वाटेने भूमध्य समुद्रात गेला, दुसऱ्या वाटेने फारसी-उर्दूतून आपल्या घरात आला. भाषेच्या शिक्षकांना यातून एक चांगला तास घेता येईल.

आता इतिहासातला मोठा प्रसंग. जेरुसलेमला आजाऱ्यांची सेवा करण्यासाठी निघालेला सेंट जॉनचा संप्रदाय पुढे लढवय्या सरदारांचा झाला. १५२२ साली तुर्कांनी त्यांना ऱ्होड्स बेटावरून हुसकले. सम्राट पाचव्या चार्ल्सने १५३० साली त्यांना माल्टा दिले. खंडणी ठरली वर्षाला एक ससाणा! पण बेट ताब्यात घेण्यापूर्वी सरदारांनी १५२४ साली पाहणी करवली होती. तिचा अहवाल मोठा उदास आहे. नुसता खडक, पाणी तुटपुंजे, धान्य सिसिलीहून आणावे लागते, आणि सरपण इतके दुर्मिळ की ते वजनावर विकले जाते. लोक उन्हात वाळवलेल्या शेणावर आणि काटेरी झुडपांवर स्वयंपाक करतात. सरदारांना हा दारिद्र्याचा कळस वाटला. गोवऱ्यांवर भाकरी भाजणाऱ्या आपल्या माणसाला त्यात शहाणपणही दिसेल. असे हे ओसाड बेट सरदारांनी घेतले ते केवळ बंदरासाठी. खोल, वळणावळणाचे, वाऱ्यापासून सुरक्षित असे बंदर भूमध्य समुद्राच्या ऐन मध्यावर होते. पुढे ज्यांनी ज्यांनी बेट घेतले, त्यांची नजरही त्याच बंदरावर होती.

त्या बंदराची किंमत मात्र गावकऱ्यांनी मोजली. १५५१ साली तुर्की आरमाराने गोझोवर हल्ला केला आणि सुमारे पाच हजार माणसांना गुलाम करून नेले. जवळजवळ सारे बेटच ओस पडले. त्यानंतर चौदा वर्षांनी, १८ मे १५६५ रोजी, आणखी मोठे आरमार आले. तीस हजारांच्या वर माणसे त्यात होती असा अंदाज आहे. संरक्षक होते सहा ते नऊ हजार. त्यांत सरदार पाचशे-सहाशेच. बाकी भाडोत्री शिपाई आणि माल्ट्याचे शेतकरी, कोळी, गवंडी. सरदारांचा प्रमुख ला व्हॅलेट सत्तरीच्या घरातला म्हातारा. तुर्कांचा तळ जिथे पडणार त्या मर्सा भागातील विहिरी त्याने आधीच नासवून टाकल्या. पाण्याच्या दुष्काळाचे त्याने हत्यार केले. ऐन उन्हाळ्यात तुर्कांच्या छावणीत हगवण पसरली.

बंदराच्या तोंडावरचा सेंट एल्मो किल्ला थोड्या दिवसांत पडेल असे तुर्कांना वाटले होते. तो जवळजवळ महिनाभर लढला आणि २३ जूनला पडला. उरलेल्या दोन गावांनी, बिर्गू आणि सेंग्लिया यांनी, पुढचे अडीच महिने तग धरला. बायका-पोरांनी तटावर दगड आणि पाणी पोचवले. पोहण्यात पटाईत असलेली माल्टी माणसे रात्री बंदर पोहून निरोप नेत. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिसिलीहून कुमक आली आणि वेढा उठला. पुस्तकांत हा विजय सरदारांच्या नावावर लिहिला आहे. शिल्लक राहिलेल्या तटावर उभे राहिले, की तो कोणी पेलला हे समजते.

दुसऱ्या वर्षी, २८ मार्च १५६६ रोजी, समोरच्या टेकाडावर नव्या शहराचा पाया घातला गेला. ला व्हॅलेटच्या नावावरून ते व्हॅलेटा. तिसरा दिवस या शहरासाठी ठेवावा. सेंट जॉनचे देऊळ आणि त्यातील कारावाज्जियो या चित्रकाराचे मोठे चित्र सगळेच पाहतात. आपण थोडे खाली वाकून पाहावे. शहर बांधताना नियम असा केला होता की प्रत्येक घराला पावसाचे पाणी साठवण्याचे टाके असलेच पाहिजे. घरांखालचा दगड बांधकामासाठी काढला आणि त्या पोकळीचे टाके केले. माळवदावरचे पाणी त्यात उतरवले. दगडही मिळाला, पाणीही मुरले नाही.

तरी शहर वाढले तसे पाणी अपुरे पडू लागले. तेव्हा विन्याकूर या प्रमुखाने १६१० साली रबात गावाकडच्या झऱ्यांपासून सुमारे १६ किलोमीटरचा कालवा सुरू केला. जिथे जमीन खाली गेली तिथे दगडी कमानी उभारून त्यांवरून पाणी नेले. २१ एप्रिल १६१५ रोजी व्हॅलेटाच्या चौकातील कारंज्यातून ते पाणी उसळले. त्या कमानी आजही रस्त्याकडेला उभ्या आहेत. बसमधून जाताना सहज दिसतात.

१७९८ साली नेपोलियन इजिप्तला जाता जाता माल्ट्याला थांबला. जून महिन्यात दोन-तीन दिवसांत त्याने बेट घेतले. गुलामगिरी बंद केली, हे त्याचे चांगले काम. पण देवळांतली चांदी-सोने लष्करी खर्चासाठी उचलले. २ सप्टेंबरला म्दीनामध्ये देवळाच्या वस्तूंचा लिलाव सुरू होताच खेड्यातले लोक उठले. दोन वर्षे त्यांनी फ्रेंचांना व्हॅलेटात कोंडून धरले. इंग्रजांचे आरमार मदतीला आले, आणि १८०० साली फ्रेंच शरण आले. मदतीला आलेले इंग्रज मात्र परत गेले नाहीत!

इथे आपला हिंदुस्थानचा धागा येतो. इंग्रजांना माल्टा हवे होते ते हिंदुस्थानच्या वाटेवर म्हणून. १८६९ साली सुवेझचा कालवा उघडला आणि मुंबईहून विलायतेला जाणाऱ्या बोटींचा माल्टा हा थांबा झाला. १८७८ साली तुर्कस्तानावरून रशियाशी युद्ध पेटण्याचे चिन्ह दिसताच, ब्रिटिश सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून माल्ट्याला हलवले. त्यांत बंगाल व मद्रासबरोबर मुंबई फौजेच्या पलटणीही होत्या. युद्ध झाले नाही. पण घोड्यांसह आलेले हे शिपाई पाहण्यासाठी माल्ट्यात गर्दी लोटली. दहा वर्षांनी, १८८८ साली, मुंबईहून बॅरिस्टर होण्यासाठी निघालेला अठरा-एकोणीस वर्षांचा एक तरुण याच बंदरात उतरून शहर पाहून गेला. त्याचे नाव मोहनदास गांधी.

याच काळातली एक गोष्ट गुरे-शेळ्या पाळणाऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. माल्ट्यातील गोऱ्या शिपायांना एक चिवट ताप येई. आठवडेच्या आठवडे जाई-येई. त्याचे नावच माल्टा ताप पडले. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने १८८७ साली त्याचा जंतू शोधला. पण तो माणसात येतो कुठून, हे कळेना. १९०५ साली डॉ. झामित यांनी शेळ्या तपासल्या. होय, तेच झामित, ज्यांना पुढे शेतकऱ्याने दगडांची बातमी दिली. दिसायला धडधाकट शेळ्यांच्या रक्तात आणि दुधात रोग निघाला. तेव्हा तिथे शेळ्यांचे कळप दारोदार फिरवून दारातच दूध काढून देत. न तापवलेले दूध हेच कारण होते. १९०६ साली सैन्यात शेळीचे दूध बंद झाले आणि ताप झपाट्याने उतरला. दूध उकळून प्यावे, या आपल्या घरच्या शिकवणीला विज्ञानाचा भक्कम आधार देणारे हे संशोधन आहे.

इंग्रजी अमदानीत बंदराला गोदी आली, हजारोंना काम मिळाले. पण धान्य बाहेरूनच येई. ७ जून १९१९ रोजी पाव महागला म्हणून व्हॅलेटात लोक रस्त्यावर आले. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. चार माणसे मेली. माल्ट्यात तो आज राष्ट्रीय दिवस आहे.

दुसऱ्या महायुद्धात तर पावाचा प्रश्न जीवनमरणाचा झाला. ११ जून १९४० रोजी इटालियन विमानांनी पहिले बाँब टाकले. पुढली दोन वर्षे बेटावर सतत मारा झाला. लोकांनी खडकात भुयारे खोदून मुलाबाळांसह त्यांत रात्री काढल्या. अंदाजे दीड हजार नागरिक मेले. ९ एप्रिल १९४२ रोजी मोस्टा गावच्या देवळाचा प्रचंड घुमट फोडून एक बाँब आत पडला. आत प्रार्थनेला शेकडो माणसे होती. बाँब फुटला नाही! आठवड्याने, १५ एप्रिलला, ब्रिटनच्या राजाने साऱ्या बेटाला जॉर्ज क्रॉस हे शौर्यपदक दिले. ते आजही माल्ट्याच्या झेंड्यावर आहे. पण पदकाने पोट भरत नाही. ऑगस्टमध्ये चौदा मालवाहू जहाजांचा तांडा निघाला. नऊ बुडाली, पाच पोचली. शेवटचे तेलवाहू ‘ओहायो’ हे मोडके जहाज दोन लढाऊ जहाजांच्या मध्ये बांधून १५ ऑगस्टला बंदरात आणले. तो दिवस मेरीमातेच्या सणाचा. म्हातारी माणसे त्या तांड्याला सणाच्याच नावाने ओळखीत.

मोस्टाचे ते देऊळ आणि भुयारे यांसाठी चौथा दिवस पुरेल. पाचवा गोझोला द्यावा. बोटीने पंचवीस मिनिटांची वाट आहे. तिथे जगंतीया ही देवळे आहेत, इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडांहून सुमारे हजार वर्षे जुनी. तिथली खेडी आणि ताली अजून शाबूत आहेत.

आता प्रश्न असा, की इतके सोसलेले बेट सुट्टीचे बेट झाले कसे? युद्ध संपले, साम्राज्य आटू लागले, आणि गोदीचे काम घटले. १९५८ साली त्यावरून संप आणि दंगली झाल्या. महायुद्धानंतरच्या तीन दशकांत लाखाहून अधिक माणसे ऑस्ट्रेलिया, ब्रिटन, कॅनडा, अमेरिका या देशांत पोटासाठी निघून गेली. २१ सप्टेंबर १९६४ ला देश स्वतंत्र झाला. १९७४ साली प्रजासत्ताक झाला. ३१ मार्च १९७९ रोजी शेवटचे ब्रिटिश सैनिक निघून गेले. शेकडो वर्षे दुसऱ्यांच्या लढायांवर चाललेल्या बंदराला आता दुसरे काम शोधायचे होते. तेव्हा ऊन आणि समुद्र, ज्यांची आजवर कुणी किंमत केली नव्हती, ते विकायला निघाले. हॉटेले उभी राहिली. घरची पोरे घरी राहू लागली. म्हणून पाहुण्यांना नावे ठेवणे सोपे असले तरी न्याय्य नाही. त्यांच्या पैशावर एका देशाचे स्थलांतर थांबले, हे विसरता कामा नये.

पण जुनी अडचण तशीच आहे. बेटाखाली गोड्या पाण्याचा एक थर खाऱ्या पाण्यावर, दुधावर साय तरंगावी तसा तरंगतो. उपसा अधिक झाला की खालचे खारे पाणी वर चढते. हे आपल्या किनाऱ्यावरच्या विहिरवाल्यांना समजावून सांगायला नको. १९८० च्या दशकापासून माल्ट्यात समुद्राचे पाणी गोडे करण्याचे कारखाने चालू झाले. आज नळाचे निम्म्याहून अधिक पाणी त्यांतून येते, आणि त्याला वीज लागते. घरे वाढली, खाणी वाढल्या, रस्ते तुंबले. यजमानाच्या घरी विहीर नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्या पाहुण्याने बादली कशी वापरावी, हे आपल्या संस्कृतीने आपल्याला शिकवलेच आहे.

तेव्हा सहल आखायचीच असेल, तर जुलै-ऑगस्ट टाळावे. ऊन कडक, गर्दी फार आणि पाण्याची ओढ तेव्हाच. मार्च ते मे, किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बरे. मार्चमध्ये रान हिरवे असते. माल्टा शेंगेन गटात आहे, त्यामुळे त्या गटाचा प्रवेशपरवाना लागतो. तो वेळेवर काढावा. बेटावर बसने फिरावे. एखादी संध्याकाळ मार्सशलोक गावी काढावी. तिथल्या मासेमारी होड्यांच्या नाळेवर दोन डोळे रंगवलेले असतात. वाईट नजरेपासून आणि वादळापासून ते राखतात अशी श्रद्धा. आणि स्थानिक भाकरी, जिला ते ‘फ्तीरा’ म्हणतात, ती जरूर खावी. तिच्या परंपरेला २०२० साली युनेस्कोने मान दिला.

बायबलात अशी कथा आहे, की संत पॉलचे जहाज या बेटावर फुटले, आणि पावसात कुडकुडणाऱ्या अनोळखी माणसांसाठी बेटावरच्या लोकांनी जाळ पेटवला. सरपण वजनावर विकले जाणारे हे बेट, हे आपण मघाशी पाहिलेच आहे. तिथे पाहुण्यासाठी जाळ करणे ही लहान गोष्ट नव्हे. त्या बेटावर उतरताना हे ठाऊक असलेला प्रवासी खोलीतला नळ बंद करायला विसरणार नाही, आणि शेताची ताल ओलांडताना तिचा एक दगडही ढळू देणार नाही.